हळदीच्या रंगाचा बल्ब

माझ्या दुकानाच्या पाटीवर तीन शब्द ठळक होते: खरखर, घरघर, शिट्टी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘यांचा कायमचा बंदोबस्त’. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, पिठाच्या गिरणीला चिकटून हे दुकान मी बावीस वर्षं चालवलं. गिरणी चालू असली की मला काही ऐकू येत नसे, आणि ती बंद असली की वीज नसे. तरीही माझ्या हातून गेलेला ॲम्प्लिफायर काचेसारखा स्वच्छ बोलायचा, अशी माझी ख्याती होती आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा होता.

ॲम्प्लिफायर म्हणजे बारीक आवाजाला दंड-बैठका काढायला लावणारा डबा. एका बाजूने माईक लावायचा, दुसऱ्या बाजूने भोंगा. माझी गिऱ्हाइकं भजनी मंडळं, गणपतीची मंडळं, लग्नाचे हॉल आणि शाळा. एक भजनीबुवा माईक छातीला टेकवून गात आणि ‘श्वास ऐकू येता कामा नये’ अशी अट घालत. मी म्हटलं, बुवा, ते काम माझं नाही, वैद्यांचं. निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ विरोधकाच्या भोंग्यापेक्षा मोठा आवाज मागायला आले. मी दिला. दुसऱ्या दिवशी विरोधक आला. त्यालाही दिला. त्या वर्षी आमच्या प्रभागात कोण काय बोललं हे कोणालाच कळलं नाही.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. माझ्या हातून सर्वांत चोख झालेलं काम हीच माझी सर्वांत मोठी चूक होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ठाण्याच्या कोळीवाड्यातला नंदू एक दिवस टेम्पो घेऊन दारात आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, खांद्यापर्यंत केस, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर काम करणारा. टेम्पोवाल्याच्या मदतीने त्याने एक ॲम्प्लिफायर उतरवला. तो पाहूनच माझ्या मनाला पाझर फुटला. गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या कंपनीचा जुना व्हॉल्व्हचा डबा होता तो. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधीच्या काचेच्या नळ्या. आतून लाल होतात, भट्टीसारख्या तापतात. नंदूचे वडील लग्नातला बँड चालवायचे. कंपनी बसली तेव्हा गायकासाठी म्हणून त्यांनी तो डबा घेतला होता. गायक पळून गेला, डबा राहिला, आणि नंदूने त्यात गिटार खुपसली.

“दादा, एवढी घरघर काढून द्या,” नंदू म्हणाला. “बाकी कशाला हात लावू नका.”

त्यातलं दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक असं बोललं, की ते भिडस्त आहे असं आम्ही धरून चालतो.

मी पाच दिवस त्या डब्याची पूजा बांधली. दमलेले व्हॉल्व्ह काढून नवे घातले. फुगलेले कंडेन्सर बदलले. स्पीकरचा कागद एका कडेला फाटला होता, तर अख्खा नवा स्पीकर बसवला. घरघर तर गेलीच. माईक लावून मी त्यावर बातम्या वाचल्यासारखं बोललो, तर गिरणीवाले शेठ बाहेर येऊन उभे राहिले. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या संध्याकाळी बायकोने भाजीत मीठ टाकलं नव्हतं, तेही मला कळलं नाही.

नंदू आला. गिटार जोडली, तार छेडली. शाळेच्या प्रार्थनेला शोभेल असा सोज्वळ सूर निघाला. त्याने आवाज वाढवला. प्रार्थना मोठ्याने झाली. त्याने डब्याच्या मागे वाकून पाहिलं, जणू कोणी लपून बसलं आहे.

“दादा, माझा आवाज कुठाय?”

“हा काय. काचेसारखा.”

“तेच ना. काच कोणी मागितलेली?”

मग त्याने मला पहिल्यांदा रॉकचा आवाज म्हणजे काय ते समजावलं. मी तोवर समजत होतो की ती मुलं केस वाढवतात म्हणून त्यांना नीट ऐकू येत नाही. नंदू म्हणाला, “दादा, हळू वाजवली तर ती साधी बोलली पाहिजे. जोरात मारली की गुरगुरली पाहिजे. आणि सूर धरून ठेवला तर विझायच्या आधी एकदा ओरडली पाहिजे. हे तिन्ही माझ्या हातात पाहिजे, बटणात नको. त्या डब्यात ते होतं.”

म्हणजे मी ज्याचा बंदोबस्त केला होता, तोच त्याचा गळा होता.

एरवी मी माफी मागून मोकळा झालो असतो. पण पुढे त्याने जे सांगितलं त्याने मला खुर्चीवर बसवेना. दोन आठवड्यांनी ठाण्याच्या एका कॉलेजच्या मैदानावर बँडची स्पर्धा होती. वडिलांशी त्याचा शब्द ठरला होता: या स्पर्धेत नंबर आला तर गिटार, नाही तर गिटार विकायची आणि वडिलांच्या बँडमध्ये उभं राहायचं. मास्तर (वडिलांना सगळा कोळीवाडा मास्तर म्हणायचा) साठीला आले होते. बँड पुढे कोणी चालवायचा, हा त्यांचा घोर.

“वाजवून हरलो तर चालेल मला,” नंदू म्हणाला. “पण हा आवाज घेऊन उभा राहिलो, तर मी हरलो असं कसं म्हणू? मी तिथे नव्हतोच.”

मी म्हटलं, “नंदू, तुझा आवाज मी घालवला. मीच आणून देणार. तोपर्यंत पाटीवरचं ‘कायमचा’ मी खोडून ठेवतो.” आणि खरंच उठून खडूने खोडलं. तेवढं नाटक माझ्या अंगात आहे.

माझी एक शिस्त होती, तिने लाज राखली. बदललेला प्रत्येक जुना पार्ट मी पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचो. बदललं म्हणून सांगितलं आणि बदललंच नाही, असा संशय नको. नंदूची पिशवी टेबलाखाली तशीच होती. फाटका स्पीकर सुतळीने बांधून शेजारी. मी उलटी शस्त्रक्रिया सुरू केली. चांगलं काढायचं, वाईट घालायचं.

दुकानात मी चादरीचा पडदा बांधला. पडद्याच्या अलीकडे नंदू गिटार घेऊन, पलीकडे मी आणि ॲम्प्लिफायर. तुलना नीट व्हावी म्हणून शेजारी माझा भजनाचा ट्रान्झिस्टरवाला डबाही ठेवला. कुठला चालू आहे हे नंदूला सांगायचं नाही, त्याने फक्त वाजवायचं आणि निकाल द्यायचा.

“हा कसा वाटतो?”

“पत्र्यावर खिळे ओतल्यासारखा.”

तो भजनाचा. इथे बाहेरच्यांसाठी एक सांगतो. ट्रान्झिस्टरला झेपेल तोवर तो सरळ चालतो आणि मग एकदम छताला डोकं आपटतो. आवाज फुटतो तो कर्कश. व्हॉल्व्ह तसा आपटत नाही. तो दमत जातो, गवयाचा गळा तापत जावा तसा, आणि त्या दमण्यात एक गोडी असते. मी आयुष्यभर त्या दमण्याला रोग म्हणत आलो होतो.

“आणि हा?”

“ओळखीचा वाटतो. पण आजारातून उठल्यासारखा.”

तो त्याचाच, जुने व्हॉल्व्ह परत घातलेला. दुसऱ्या दिवशी जुने कंडेन्सर. “जवळ आला.” चौथ्या दिवशी फाटका स्पीकर. “अजून जवळ.” आणि पाचव्या दिवशी पिशवी रिकामी झाली. आला होता तसाच्या तसा डबा माझ्या टेबलावर होता, घरघरीसकट. मी पडदा वर केला. “आता बोल.”

नंदूने वाजवलं. हळू वाजवलं तर बोलली. जोरात मारली तर थोडी गुरगुरली. सूर धरला, वाट पाहिली. तो विझून गेला. ओरडला नाही.

“नाही, दादा.”

“अरे, सगळं तेच आहे. सोल्डरचे डागसुद्धा त्याच जागी दिलेत मी.”

“मला कळतंय. पण नाही.”

पुढचे तीन दिवस मी एकेक तार तपासली. मीटर लावला, वहीत आकडे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. कुठे काही चुकलेलं नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

ठाण्यात भाड्याने सामान देणाऱ्या एकाकडे परदेशी ॲम्प्लिफायर होता. नंदूच म्हणाला, चला, ऐकून येऊ. आम्ही गेलो. त्या डब्याने पहिला सूर काढला आणि मी, शुद्ध आवाजाचा पुजारी, चक्क हसलो. हळू बोलत होता, गुरगुरत होता, ओरडतही होता. मत्सराने माझी जीभ कोरडी पडली.

“घे हाच,” मी म्हटलं.

“मस्तच आहे,” नंदू म्हणाला. “पण दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं वाटतं.”

चपला मिळणारही नव्हत्या. स्पर्धेच्या दिवशी तो डबा दुसऱ्या बँडने आधीच धरून ठेवला होता. स्पर्धेला चार दिवस उरले होते.

त्या दुपारी मी नंदूचा ॲम्प्लिफायर टेम्पोत घालून त्याच्या घरी पोचवायला निघालो. हरलेल्या मिस्तरीने माल दुकानात ठेवू नये. कोळीवाड्यात त्याचं घर खाडीच्या अंगाला, समोर बर्फाचा कारखाना. नंदूची आई, हिराबाई, बाजारातून नुकती येऊन मासळीच्या पाट्या धूत होती. मला पाहून तिने ओले हात पदराला पुसले.

“झाला का बरा ह्याचा डबा?”

“नाही झाला, मावशी. मीच बिघडवला.”

स्पर्धेसाठी कारखान्यातून रजा घेतलेल्या नंदूने जोडून वाजवून दाखवलं. तोच नुसता बोलणारा, न ओरडणारा सूर. हिराबाईने ऐकलं आणि मान हलवली.

“आता भर दुपारचं कशाला वाजवता? दिवं बसू द्या. दिवं बसल्याबिगर त्याला गला फुटत नाय.”

“दिवे बसल्यावर म्हणजे?” मी विचारलं.

“म्हंजे काय? समोरच्या बर्फवाल्यानं मशीन चालू केलं का आमचं सगलं दिवं बसतात. मंग ह्याचा डबा रेकतो. मना काय ते गाणं कलत नाय, पण भांडी वाजाया लागली का मी समजतं, सांजचं सा वाजलं.”

मी नंदूकडे पाहिलं. तो कारखान्यातून सुटून यायचा साडेपाचला. वाजवायचा तो नेहमी संध्याकाळीच. आणि माझ्या दुकानात, अभिमानाने सांगतो, दोन-दोन स्टॅबिलायझर होते. माझ्या टेबलावरची वीज कधीही एका काट्याने हलत नसे.

आम्ही थांबलो. चहा झाला, तळलेल्या मांदेलीही झाल्या. सहाच्या सुमाराला समोरून एक जाड हुंकार आला, आणि डोक्यावरचा बल्ब पांढऱ्याचा पिवळा झाला. मी मीटर भिंतीतल्या प्लगला लावला. दोनशे तीसच्या जागी काटा एकशे पंचाहत्तरवर बसला होता.

“वाजव,” मी म्हटलं.

नंदूने एकच सूर धरला. तो गुरगुरला, जाड झाला, विझायला आला, आणि विझण्याआधी असा ओरडला की फडताळातल्या ताटल्यांनी त्याला साथ दिली. हिराबाई म्हणाली, “हा. ह्यो.”

कोड्याचं उत्तर इतकं साधं होतं की मला स्वतःची पाटी उतरवावीशी वाटली. डब्याला वीज कमी मिळाली की व्हॉल्व्ह उपाशी राहतात, लवकर दमतात, आणि नंदूला हवा तो आवाज त्या उपासातून येतो. कोळीवाड्यात रोज संध्याकाळी वीज जे करत होती, ते माझ्या दुकानात कधी होणारच नव्हतं.

पण स्पर्धा दुपारी तीनला होती, आणि तिथे जनरेटर असणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वागळे इस्टेटमध्ये कुलकर्ण्यांच्या दारात उभा. कुलकर्णी ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे. माणूस हुशार, पण तोंडाचा तिखट.

“व्होल्टेज कमी करायचंय,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “ठाणे जिल्ह्यात?”

“हो.”

“अहो, इथे माणसं माझ्याकडे टीव्ही काखेत घेऊन रडत येतात, काका, वाढवून द्या म्हणून. आणि तुम्हाला आहे ते नकोय?”

मी सगळी कथा सांगितली, हिराबाईच्या आवाजासकट. ते हसले नाहीत. आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला डिमरस्टॅट घेऊन आले. म्हणजे वर मोठी काळी चकती असलेला डबा. चकती फिरवाल तशी वीज कमी-जास्त. “परत आणून द्या,” एवढंच म्हणाले. मग मी दाराबाहेर पडल्यावर मागून, “आणि मुलाचं काय झालं ते सांगा.”

तो डिमरस्टॅट घेऊन मी कोळीवाड्यात गेलो आणि भर दुपारी चकती एकशे पंचाहत्तरवर आणली. गळा फुटला. मी खडूने खूण करणार, तेवढ्यात हिराबाईने अडवलं.

“त्या काट्यावर माजा इस्वास नाय, भाव. तितं दिवा लावा. हलदीसारका पिवला झाला का बरोबर.”

मी चाळीसचा बल्ब जोडला. तिने बघत बघत मला चकती फिरवायला लावली. “अजून. अजून. बस.” मी मीटर पाहिला. एकशे चौऱ्याहत्तर. तिथेच खडूने खूण केली.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर सात बँड होते. व्यवस्थेतल्या एका पोराने आमचं सामान पाहून विचारलं, “काका, हा बल्ब कशाला?”

“आमचा संचालक आहे तो.”

नंदू आणि त्याचे तिघं साथीदार मंचावर उभे राहिले. मी ॲम्प्लिफायरच्या मागे उकिडवा, एक हात चकतीवर. माझ्या शेजारी, बाजार आटपून थेट आलेली हिराबाई, रिकामी पाटी उपडी घालून तीवर बसलेली, डोळे बल्बवर. मास्तर मैदानाच्या टोकाला उभे होते. संध्याकाळी कुठल्यातरी हळदीचं काम होतं, म्हणून बँडचा लाल कोट घालूनच आले होते.

गाणं सुरू झालं आणि पहिल्याच कडव्यात बल्ब पांढराफटक पडला. जनरेटर उसळला होता. माझी खडूची खूण तिथल्या तिथे निरुपयोगी.

“भाव, पांढरा,” हिराबाई म्हणाली.

मी चकती मागे घेतली. बल्ब लालसर झाला. “जास्त झाला. उगाच मारू नका त्याला.” मी पुढे घेतली. पूर्ण गाणंभर आम्ही दोघं तो रंग धरून होतो, कढईतल्या पाकाची तार धरावी तसा. शेवटी नंदूने तो लांब सूर लावला. सूर जाड झाला, खाली आला, आणि मग मान वर करून ओरडला. पुढच्या रांगेतल्या परीक्षकांनी कानावर हात ठेवले. मागे उभी असलेली पोरं खुर्च्यांवर चढली.

नंबर आला नाही. निकाल सांगताना परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, वादन चांगलं, पण गिटारचा आवाज स्वच्छ नव्हता. तांत्रिक बाजूकडे लक्ष द्यावं. माझ्या कामाबद्दल जाहीरपणे काढलेले हे पहिले वाईट उद्गार. मी टाळ्या वाजवल्या.

नंदूने गिटार पिशवीत घातली, पिशवीची दोरी बांधली, आणि चालत वडिलांपुढे गेला. “बोललेलो तसं करतो, बाबा. विकतो ही.” आवाज कापत नव्हता त्याचा. मी मागे उभा होतो.

मास्तरांनी पिशवी हातात घेतली नाही. माझ्याकडे वळले.

“मिस्तरी, तो डबा हातगाडीवर चालंल का?”

“कुठल्या हातगाडीवर?”

“बँडच्या. क्लॅरिनेट आता कोण ऐकतंय? ह्यो आवाज वरातीत घातला, तर नवरी मांडव सोडून नाचंल.”

“जनरेटर लागेल,” मी म्हटलं. “आणि बल्ब.”

“बल्बवाली घरचीच हाय,” मास्तर म्हणाले.

त्यानंतर दहा वर्षं मी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या बँडवाल्यांना आणि वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांना मुद्दाम उपाशी ठेवलेले ॲम्प्लिफायर करून दिले. प्रत्येकावर एक चकती आणि एक बल्ब. कुलकर्ण्यांचा डिमरस्टॅट मी परत केला, तेव्हा त्यांनी तसेच आणखी गुंडाळायला घेतले. पाटीवरचं ‘कायमचा’ मी पुन्हा लिहिलं नाही.

तरी एक सल होता. मी नंदूला त्याचा आवाज परत आणून दिला तो रॉक वाजवण्यासाठी, आणि तो निघाला हातगाडीवरून, लाल कोट घालून, नवरदेवाच्या पुढे. त्याचं भलं केलं की त्याचं स्वप्न मी स्वतःच्या हाताने गाडीला जुंपलं, हे मला ठरवता येत नव्हतं. एकदा कोपरला एका हळदीत तो वाजवत होता, मी पाहुणा होतो. गाणं संपल्यावर मी गाडीजवळ जाऊन विचारलंच.

नंदूने घाम पुसला. समोर अंगणभर माणसं होती, पिवळ्या तोंडांची, म्हाताऱ्या बायका, पोरं, नवऱ्याचे काका, सगळी धापा टाकत पुढच्या गाण्याची वाट पाहत.

“दादा, त्या मैदानात पुढे परीक्षक बसलेले,” तो म्हणाला. “इथे कोण बसलंय दाखवा.”

आणि गिटार पुन्हा गळ्यात अडकवत त्याने मानेने गाडीच्या मागच्या अंगाला खूण केली. हिराबाई त्या दिवशी घरी होती, गुडघे धरले होते तिचे.

“जरा मागे बसा ना. बल्ब पांढरा पडतोय.”

मी चपला काढल्या, गाडीमागे उकिडवा बसलो आणि चकतीवर हात ठेवला.